चिखलदऱ्याइतकं खोल

चिखलदऱ्याची उंची १११८ मीटर. अमरावती जिल्ह्यातल्या शाळेत शिकलेल्या प्रत्येकानं हा आकडा कधीतरी पाठ केलेला असतो. विदर्भातलं एकमेव थंड हवेचं ठिकाण, कॉफीचे मळे, गाविलगड, भीमकुंड, आणि १११८. या आकड्याचा बंगालच्या उपसागराशी काही संबंध असेल असं कुणाच्या डोक्यात येण्याचं कारण नाही. पण २००६ साली आंध्रच्या किनाऱ्यापलीकडे, कृष्णा-गोदावरी खोऱ्याच्या समुद्रात, ‘जॉइडिस रेझोल्यूशन’ नावाच्या जहाजानं ज्या दहाव्या ठिकाणी तळ खोदला, तिथं पाण्याची खोली सुमारे १०४० मीटर होती. आपला सातपुडा उचलून त्या जागी ठेवला असता, तर चिखलदरा गाव जेमतेम पाण्यावर राहिलं असतं आणि खालचं अख्खं मेळघाट बुडालं असतं.

एवढ्या पाण्याखाली, तळाच्या गाळात, जवळपास १३० मीटर जाडीचा एक थर सापडला. त्यात पांढऱ्या बर्फासारखे तुकडे, शिरा आणि गाठी होत्या. वर आणल्यावर ते फसफसत वितळत होते आणि काडी लावली तर जळत होते. तो मिथेन हायड्रेट होता. जगात तोवर सापडलेल्या हायड्रेटच्या सर्वांत समृद्ध थरांमध्ये त्याची गणना झाली.

तो ज्या गाळात होता, त्या गाळाचा काही भाग आपल्या वावरातून गेलेला आहे. हा लेख मुख्यतः त्या मातीचा आहे.

आधी हायड्रेट म्हणजे काय ते पाहू. पाण्याचे रेणू एकमेकांचे हात धरून पिंजरे बांधतात आणि प्रत्येक पिंजऱ्यात वायूचा एक रेणू कोंडला जातो. मिथेनच्या बाबतीत पाण्याच्या ४६ रेणूंमध्ये ८ पिंजरे असतात, २ लहान आणि ६ मोठे. लहान पिंजऱ्याला बारा पंचकोनी भिंती असतात, मोठ्याला त्यांशिवाय आणखी दोन षट्कोनी. सगळे पिंजरे भरले, तर मिथेनच्या एका रेणूमागे पाण्याचे पावणेसहा रेणू पडतात. वायू आणि पाणी यांच्यात कुठलाही रासायनिक बंध नसतो. मिथेन नुसता आत असतो आणि त्याच्या असण्यानं पिंजरा कोसळत नाही. रिकामा पिंजरा टिकत नाही. अशा कोंडवाड्यात वायू किती दाटीनं बसतो, तर एक घनमीटर हायड्रेट वितळला की साधारण १६० ते १६५ घनमीटर वायू मोकळा होतो आणि पाऊण घनमीटरहून थोडं जास्त पाणी उरतं.

पहिला हायड्रेट मिथेनचा नव्हता. १८१० साली हम्फ्री डेव्हीनं दाखवलं की ज्याला लोक गोठलेला क्लोरीन समजतात त्यात पाणी आहे. १८२३ मध्ये मायकेल फॅरेडेनं त्यातलं प्रमाण मोजलं. मिथेनचा हायड्रेट १८८८ मध्ये फ्रान्सच्या व्हिलार्डनं प्रयोगशाळेत केला. पुढे जवळपास अर्धं शतक हा नुसता कुतूहलाचा विषय होता. मग १९३४ मध्ये अमेरिकेत हॅमरश्मिट यानं लिहिलं की हिवाळ्यात गॅसच्या पाइपलाइनी तुंबतात त्या साध्या बर्फानं नव्हे, हायड्रेटनं. तापमान शून्याच्या बरंच वर असतानाही पाइप तुंबत होते, त्याचा उलगडा झाला. तेव्हापासून हा विषय तेलवाल्यांचा झाला तो आजतागायत.

दाब आणि थंडी ही त्याची पहिली अट. शून्य अंशाला मिथेन हायड्रेट टिकायला हवेच्या दाबाच्या साधारण २६ पट दाब लागतो. दहा अंशाला सत्तर पटीच्या आसपास. चिखलदऱ्यावर जानेवारीतली कितीही कडक थंडी घ्या, तिथल्या हवेच्या दाबाला हायड्रेट टिकवायचा तर पारा उणे ऐंशीच्या आसपास उतरायला हवा. समुद्रात मात्र दर दहा मीटर खोलीमागे हवेइतका एक दाब वाढतो. हजार मीटरवर शंभर पट दाब आणि सहा-सात अंश तापमान, म्हणजे हायड्रेटसाठी ऐसपैस जागा. तळाखाली जसजसं खोल जावं तसतशी पृथ्वीची उष्णता वाढत जाते आणि दीडशे-दोनशे मीटरनंतर हायड्रेट टिकेनासा होतो. या दोन मर्यादांमधला पट्टा म्हणजे त्याचं राज्य. पट्ट्याच्या तळाशी बहुधा मोकळा वायू साचतो आणि जहाजावरून सोडलेल्या ध्वनिलहरी तिथून जोरात परततात. भूकंपमापनाच्या नकाशावर समुद्रतळाला समांतर धावणारी ती रेघ दिसली की खाली काहीतरी असावं असं मानतात. असावं, एवढंच. रेघ दिसली आणि हायड्रेट सापडला नाही, असंही होतं.

कारण अटी पुऱ्या झाल्या म्हणजे हायड्रेट होतोच असं नाही. या विषयातली खरी गंमत इथून सुरू होते.

प्रयोगशाळेत पोलादी भांड्यात शुद्ध पाणी घ्या, वर मिथेन भरा, दाब आणि थंडी भरपूर द्या. गणित सांगतं, हायड्रेट व्हायला हवा. तो होत नाही. पाणी तसंच राहतं. कधी काही मिनिटांनी, कधी काही तासांनी, कधी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी एकाएकी दाबाचा काटा पडू लागतो आणि तापमान किंचित चढतं. स्फटिक धरल्याची ती खूण. तेच भांडं, तेच पाणी, तीच थंडी घेऊन प्रयोग पुन्हा केला तर वेळ वेगळीच येते. वाट पाहण्याच्या या काळाला शास्त्रज्ञ प्रेरणकाल म्हणतात आणि तो सांगता येत नाही, फक्त त्याची शक्यता मांडता येते.

का? तर पहिलं बीज धरणं महागात पडतं. पाण्यात मिथेन फारच कमी विरघळतो. त्या दाबालाही पाण्याच्या शेकडो रेणूंमागे मिथेनचा एखाददुसरा रेणू असतो, आणि हायड्रेटला सहा रेणूंमागे एक हवा. म्हणजे एवढ्याशा जागी मिथेनची गर्दी जमायला हवी आणि पाण्यानं नेमक्या त्याच क्षणी पिंजरा बांधायला हवा. छोटा गोळा जमतो आणि विरघळतो, पुन्हा जमतो, पुन्हा विरघळतो. एका ठरावीक आकाराच्या पुढे गेला तरच तो वाढतो. २००९ मध्ये कोलोरॅडो स्कूल ऑफ माइन्सच्या गटानं संगणकावर हा खेळ एका सेकंदाच्या दशलक्षांश भागाएवढा काळ सलग चालवून पाहिला; रेणूंच्या हिशेबात तो काळ प्रचंड मोठा आहे. त्यांना दिसलं की पहिले पिंजरे शिस्तीत नसतात. दोन वेगवेगळ्या रचनांचे पिंजरे वेडेवाकडे एकमेकांना चिकटतात, त्यांना जोडायला पाठ्यपुस्तकात नसलेले पिंजरे तयार होतात. शिस्त नंतर येते.

आणखी एक विचित्र गोष्ट. हायड्रेट एकदा वितळवून तेच पाणी पुन्हा थंड केलं, तर दुसऱ्या खेपेला तो फार लवकर धरतो. पाण्याला आठवण राहते, असं म्हणायची पद्धत पडली. कुणी म्हणतं पिंजऱ्यांचे अवशेष उरतात, कुणी म्हणतं मिथेनचे अतिसूक्ष्म बुडबुडे मागे राहतात. पाणी पुरेसं तापवलं की आठवण जाते. वाद मिटलेला नाही. माझा कौल बुडबुड्यांच्या बाजूनं, कारण ‘आठवण’ या शब्दाच्या आधारानं पाण्याच्या नावावर बाजारात काय काय खपवलं जातं ते आपण पाहतोच.

आता रसायनाकडे. पाण्यात काय मिसळलंय यावर बीज धरणं, न धरणं आणि वाढण्याचा वेग ठरतो. मीठ विरोधात जातं. मिठाचे आयन पाण्याच्या रेणूंना स्वतःभोवती गुंतवून ठेवतात, पिंजऱ्याला मोकळं पाणी कमी पडतं. समुद्राच्या खारटपणानं हायड्रेटची मर्यादा एक-दीड अंशानं खाली सरकते. त्यातही हायड्रेट स्वतः मीठ आत घेत नाही. गोडं पाणी तेवढं ओढून घेतो आणि आजूबाजूचं पाणी जास्त खारट करतो. म्हणूनच जहाजावर वर आणलेल्या गाळातलं पाणी पिळून त्याची क्षारता मोजतात. जिथं ते अनपेक्षितपणे गोडं लागतं तिथं हायड्रेट होता आणि वर येताना वितळला, असा हिशेब मांडतात. खारपाणपट्ट्यात, दर्यापूर-मूर्तिजापूरकडे, विहिरीचं पाणी तोंडात घेऊन थुंकणाऱ्या माणसाला पाण्यातल्या मिठाचं महत्त्व वेगळं सांगायला नको.

मिथेनॉल आणि ग्लायकॉल मिठासारखंच काम करतात, पण कितीतरी जास्त प्रमाणात टाकता येतात. तेलविहिरींतून गॅस पाइपनं पाठवताना तो आधी ग्लायकॉलनं सुकवतात किंवा पाइपात ही रसायनं सोडतात. खोल समुद्रात हा खर्च मोठा असतो. म्हणून गेल्या तीन-चार दशकांत दुसरी युक्ती आली. हायड्रेट होऊ द्यायचा, पण उशिरा. पॉलिव्हिनाइलपायरोलिडोनसारखी लांब साखळीची पॉलिमरं अगदी थोडी टाकली की ती उगवत्या स्फटिकाच्या पृष्ठभागाला चिकटून त्याची वाढ अडवतात. वायू तेवढ्यात पाइपाच्या दुसऱ्या टोकाला पोचला की झालं. ही युक्ती जिथं केली नाही तिथं काय होतं ते मे २०१० मध्ये जगानं पाहिलं. मेक्सिकोच्या आखातात ‘डीपवॉटर होरायझन’ची विहीर फुटली, तेव्हा दीड हजार मीटर खोलीवर गळतीवर एक मोठा पोलादी घुमट उतरवला होता. त्यात काही तासांत हायड्रेट साचला, वरचं तोंड बंद झालं आणि घुमट बाजूला ठेवावा लागला.

उलट बाजूला मदत करणारी रसायनंही आहेत. त्यांतलं सर्वांत प्रसिद्ध म्हणजे सोडियम डोडेसिल सल्फेट, शॅम्पू-टूथपेस्टमधला फेस आणणारा पदार्थ. साध्या पाण्यावर हायड्रेटची पातळ साय धरते आणि तीच वायू व पाणी यांच्यामधली भिंत होऊन पुढची वाढ थांबवते. हा पदार्थ लाखात काही भाग टाकला तर साय धरण्याऐवजी सच्छिद्र, भुसभुशीत हायड्रेट भांड्याच्या भिंतीवर चढत जातो, त्याच्या छिद्रांतून खालचं पाणी वर ओढलं जातं आणि वाढ झपाट्यानं होते. फेस हा त्याचा तोटा. वायू काढायला गेलं की भांडंभर फेस. म्हणून बिनफेसाचा पर्याय शोधणं सुरू झालं आणि त्यात पुण्याचा वाटा आहे. राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत रजनीश कुमार यांच्या गटानं हायड्रेटवर बराच काळ काम केलं. पुढे ते मद्रासच्या आयआयटीत गेले. या गटानं २०१६ मध्ये दाखवलं की हिस्टिडिन हे अमिनो आम्ल मिथेन हायड्रेटची वाढ वेगवान करतं. आपल्या शरीरातल्या प्रथिनांतही हिस्टिडिन असतं. वायू टाकीत भरून नेण्यापेक्षा हायड्रेटमध्ये कोंडून नेता येईल का, कार्बन डाय-ऑक्साइड असा पकडता येईल का, हे या कामामागचे प्रश्न. पनवेलला ओएनजीसीचं गॅस हायड्रेट संशोधन व तंत्रज्ञान केंद्र आहे. महाराष्ट्रात या विषयाचा आणखी एक पत्ता तो.

रसायनं झाली, पृष्ठभाग राहिला. आणि काळ्या मातीची गोष्ट पृष्ठभागाची आहे.

पाण्याच्या मधोमध बीज धरणं जवळजवळ अशक्य. ते कशाच्या तरी आधारानं धरतं: भांड्याची भिंत, धुळीचा कण, बुडबुड्याची कड. १९८८ मध्ये कोलोरॅडो स्कूल ऑफ माइन्समधल्याच संशोधकांनी पाण्यात बेंटोनाइट माती कालवून हायड्रेट केला आणि तो जास्त सहज धरतो असं लिहिलं. बेंटोनाइट मुख्यतः स्मेक्टाइट नावाच्या मातीखनिजाची असते. पापुद्र्यावर पापुद्रा अशी त्याची रचना. पापुद्रे ऋणभारित असतात, मधे सोडियम-कॅल्शियमचे आयन आणि पाणी. ते पाणी मोकळ्या पाण्यासारखं वागत नाही, पृष्ठभागाच्या ओढीनं रांगेत लागतं. मिथेनही अशा पृष्ठभागाजवळ गोळा होऊ शकतो. म्हणजे पहिल्या पिंजऱ्याला हवी असलेली दोन्ही माणसं एकाच ओसरीवर भेटतात.

हे स्मेक्टाइट कुठं पाहायचं? मोर्शी-वरुडच्या कुठल्याही वावरात. दख्खनचा काळा बेसाल्ट साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा होऊन पसरला. चिखलदरा त्याच खडकावर बसलेलं आहे. डोंगरावर पाऊस जास्त, तिथं खडक कुजून त्याची लालसर माती होते. खाली सपाटीवर पाऊस कमी आणि उन्हाळा कडक, तिथं त्याच खडकातून काळी कसदार, पऱ्हाटीची माती होते आणि तिचा जीव स्मेक्टाइटमध्ये असतो. जूनमध्ये पापुद्र्यांत पाणी शिरलं की ती फुगते आणि पायाखाली मणामणानं चिकटते. मे महिन्यात पाणी गेलं की आक्रसते आणि हात जाईल एवढ्या भेगा पडतात.

एक प्रयोग घरी करून बघता येईल. काचेच्या दोन ग्लासांत गाळलेलं पावसाचं पाणी घ्यायचं आणि काळ्या मातीची चिमूट दोन्हींत ढवळायची. मोठे कण लगेच बसतात, पण पाणी काळपट गढूळच राहतं. रात्रभर ठेवलं तरी सकाळी गढूळ. आता एका ग्लासात दोन चमचे मीठ टाकून ढवळायचं. थोड्या वेळात मातीचे गुच्छ होऊ लागतात, खाली सरकतात, वरचं पाणी निवळतं. दुसरा ग्लास तसाच. ऋणभारित कण एकमेकांना दूर लोटत होते. मिठाच्या आयनांनी तो भार झाकला आणि कण जुळले. गोदावरीच्या मुखाशी दर पावसाळ्यात याच कारणानं गाळ खाली बसू लागतो. गोड्या पाण्यात शेकडो किलोमीटर तरंगत आलेली माती खाऱ्या पाण्याला भिडली की जड होते.

आता पाण्याच्या वाटा. चिखलदऱ्याचं पाणी त्या गाळात नाही, हे आधीच सांगून टाकतो. सिपना, गडगा आणि मेळघाटातले बाकीचे ओढे तापीला मिळतात. घाटाखालचं अचलपूर, दर्यापूर, अकोल्याचं पाणी पूर्णेत आणि पूर्णा शेवटी तापीतच. तापी सुरतजवळ अरबी समुद्राला मिळते. पण त्याच अमरावती जिल्ह्याच्या पूर्वेचं, मोर्शी-वरुडकडचं पाणी वर्धेत पडतं. पैनगंगा बुलडाणा-वाशीम-यवतमाळकडून येऊन वर्धेला मिळते. चपराळ्याजवळ वर्धा आणि वैनगंगा मिळून प्राणहिता होते, सिरोंच्याजवळ प्राणहिता गोदावरीत जाते आणि तिथून सगळं बंगालच्या उपसागरात. म्हणजे एकाच जिल्ह्याची माती दोन समुद्रांना वाटली जाते.

आणि दोन समुद्रांचं नशीब सारखं नाही. तापी जिथं मिळते, तिथं समुद्राखालचा उतार फार मंद आहे. मुंबईसमोर तर शेकडो किलोमीटरपर्यंत उथळ पाणी. मुंबई हायचं तेलक्षेत्रच जेमतेम सत्तर-ऐंशी मीटर पाण्यात. एवढ्या उथळ आणि कोमट पाण्यात गाळ कितीही साचला तरी हायड्रेटला दाब मिळत नाही. गोदावरीच्या मुखाबाहेर उथळ पट्टी अरुंद आहे, पुढे तळ भराभर खाली जातो आणि गाळ घसरत, कोसळत खोल पाण्यात उतरतो. २००६ ची मोहीम एप्रिलअखेरीस मुंबईत सुरू झाली होती. जहाजानं पहिला खड्डा पश्चिमेला, केरळ-कोकण खोऱ्याच्या खोल समुद्रात खणला. हाती चुनखडीचा बारीक चिखल आला, हायड्रेट नाही. मग जहाज पूर्वेला गेलं, आणि ऑगस्टमध्ये चेन्नईला मोहीम संपली तोवर कृष्णा-गोदावरी, महानदी आणि अंदमान तिन्हीकडे हायड्रेट सापडला होता.

माती पोचली, दाब मिळाला, पण मिथेन कुठून आला? तो जिवाणूंनी केला. नदी मातीबरोबर पालापाचोळा, शेण, कुजकं गवत नेते. गाळात दबल्यावर आधी ऑक्सिजन संपतो, मग समुद्राच्या पाण्यातलं सल्फेट संपतं, आणि मग मिथेन बनवणाऱ्या आद्यजिवाणूंची पाळी येते. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत विक्रम लांजेकर यांनी कृष्णा-गोदावरी खोऱ्याच्या हायड्रेटच्या गाळातले हे जीव तपासले. २०२० मध्ये त्यांचं काम प्रसिद्ध झालं आणि त्यात मिथेनोसार्सिना या वंशाचं वर्चस्व दिसलं. आघारकर संस्थेला हा विषय नवा नव्हता. लोणारच्या खाऱ्या सरोवरातल्या मिथेनकारी जीवांवर तिथल्या संशोधकांनी आधीच काम केलं होतं, आणि गोबरगॅसच्या टाकीत राबणारे जीवही याच कुळातले. पुढे फेब्रुवारी २०१८ मध्ये गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेनं ‘सिंधु साधना’ या जहाजावरून याच खोऱ्यात तळातून मिथेन झिरपणारी एक जागा शोधली. तिथं हायड्रेट तळाच्या अगदी जवळ होता आणि त्या वायूच्या जिवावर जगणारी शिंपल्या-किड्यांची वस्ती होती. अनिंद मजुमदार त्या कामाचे प्रमुख.

मी म्हटलं की गाळाचा काही भाग आपल्या वावरातला आहे. हे भावनेच्या भरात नाही. २००६ च्या मोहिमेत १६ क्रमांकाच्या ठिकाणी काढलेला गाळाचा दंडगोल अमेरिकेतल्या वुड्स होलच्या संशोधकांनी हायड्रेटसाठी नव्हे, इतिहासासाठी वाचला. गोदावरीच्या खोऱ्याचा जवळपास निम्मा भाग दख्खनच्या बेसाल्टवर आणि बाकीचा त्याहून कितीतरी जुन्या खडकांवर. दोन्हींतल्या निओडिमियमच्या समस्थानिकांची खूण वेगळी, त्यामुळे गाळ कुठल्या भागातला ते ओळखता येतं. पानांवरच्या मेणाच्या खुणांवरून कुठल्या जातीची झाडं होती तेही. २०१२ मध्ये कामिलो पोंतोन आणि सहकाऱ्यांनी मांडलं की सुमारे ४००० आणि पुन्हा सुमारे १७०० वर्षांपूर्वी मध्य भारत टप्प्याटप्प्यानं कोरडा होत गेला. २०१७ मध्ये लिव्हियू जोसान यांनी पुढचा भाग सांगितला: त्याच काळात गाळ निदान तिप्पट वाढला आणि वाढीव गाळ दख्खनचा होता. पावसाचं प्रमाण घटत असताना धूप वाढत गेली. झाडोरा विरळ झाला, शेती पसरली, माती उघडी पडली.

यातला सुरुवातीचा काळ आपल्याकडे ताम्रपाषाणयुगाचा. प्रवरेकाठचं दायमाबाद त्याच्या आसपासचं. अमरावती जिल्ह्यातलं तुळजापूर गढीही त्या संस्कृतीचं ठिकाण, फक्त त्याचं पाणी पूर्णेकडे जातं. दख्खनमध्ये पहिल्यांदा जंगल साफ करून नांगर चालवणाऱ्या माणसांची माती समुद्रात आहे आणि हायड्रेट शोधायला गेलेल्या जहाजानं ती वर आणली. ऊर्जेच्या नावानं झालेल्या त्या मोहिमेचं मला सर्वांत मोलाचं वाटणारं फळ हे आहे.

तरीही इथं एक गाठ मारून ठेवायला हवी. स्मेक्टाइटमुळे प्रयोगशाळेत हायड्रेट लवकर धरतो याचा अर्थ आपल्या मातीमुळेच समुद्रात हायड्रेट झाला, असा होत नाही. माती दोन्ही बाजूंनी वागते. तिचा पृष्ठभाग बीज धरायला मदत करतो, पण तिची छिद्रं इतकी बारीक असतात की त्यांत स्फटिकाला वाढायला जास्त थंडी किंवा जास्त दाब लागतो. त्यामुळे चिकणमातीत हायड्रेट छिद्रांत बसत नाही. वायू मातीला फाडून वाट काढतो आणि त्या फटींत हायड्रेट शिरांसारखा, गाठींसारखा भरतो. दहाव्या ठिकाणी तेच दिसलं: उन्हाळ्यातल्या काळ्या वावरासारखी भेगाळलेली माती, आणि भेगांत पांढरा हायड्रेट.

वायू काढणाऱ्यांसाठी ही वाईट बातमी होती. हायड्रेट काढायची सर्वांत सोपी रीत म्हणजे विहीर खणायची, पाणी उपसून दाब कमी करायचा, हायड्रेट आपोआप फुटू द्यायचा. पण दाब कमी झाल्याची वार्ता विहिरीपासून दूरवर पोचायला हवी आणि सुटलेला वायू विहिरीपर्यंत यायला हवा. वाळूत हे होतं. काळ्या चिकणमातीतून पाणीच जात नाही, हे शेततळं खोदलेला कुणीही सांगेल. जगातल्या समृद्ध थरांतला एक सापडला, पण तो सोडवायची रीत नाही. म्हणून २०१५ मध्ये जपानचं ‘चिक्यू’ जहाज आणून दुसरी मोहीम काढली ती मुख्यतः वाळूच्या शोधात, आणि कृष्णा-गोदावरी खोऱ्यात वाळूत भरलेला हायड्रेट सापडलाही.

वाळूतही सोपं नाही. जपाननं २०१३ मध्ये नानकाई खंदकात समुद्रातल्या हायड्रेटमधून जगात पहिल्यांदा वायू काढला. सहा दिवसांत विहिरीत वाळू शिरली आणि चाचणी थांबवावी लागली. हायड्रेट हा त्या वाळूचा सिमेंट असतो. तो वितळला की वाळू सुटते. शिवाय फुटताना हायड्रेट उष्णता शोषतो, आजूबाजूचा गाळ थंड होतो आणि वितळणं मंदावतं. कधी तिथंच नव्यानं धरतो. त्या वेळी विहिरीत मिथेनॉल सोडायचं की गरम पाणी, हा प्रश्न पुन्हा रसायनाकडेच नेतो. प्रयोगशाळेत मिनिटा-तासांनी हुलकावणी देणारं बीज समुद्राच्या तळाशी अब्जावधी रुपयांच्या विहिरीत तीच हुलकावणी देतं.

सरकारी कागदांत भारताच्या हायड्रेटचा एक आकडा वर्षानुवर्षं फिरतो: १८९४ लाख कोटी घनमीटर. देश वर्षाला साधारण साठ-सत्तर अब्ज घनमीटर नैसर्गिक वायू वापरतो, तेव्हा भागाकार केला तर सुमारे तीस हजार वर्षं पुरेल एवढा वायू होतो. असा आकडा ऐकला की आपल्या मनात जी चैन पडते ती मला फसवी वाटते. तो अंदाज समुद्रतळाखाली किती असावा याचा आहे. त्यातला किती वाळूत, किती चिकणमातीत, किती विरळ पसरलेला, हे त्यात नाही. आजवर कुठल्याही देशानं समुद्रातल्या हायड्रेटमधून व्यापारी प्रमाणावर गॅस विकलेला नाही. आणि विकला तरी तो जाळल्यावर कार्बन डाय-ऑक्साइडच होतो, गळला तर मिथेन त्याहून कितीतरी तापदायक.

बातमी पुन्हा येईल. समुद्रात हजारो वर्षांचा इंधनसाठा सापडला, असं मोठ्या अक्षरांत छापून येईल. तेव्हा वाचकहो, आपल्याला एकच प्रश्न विचारायचा आहे आणि वऱ्हाडच्या माणसाला तो विचारायला शास्त्र शिकावं लागत नाही: तो साठा वाळूत आहे, की आपल्या काळ्या मातीत?